'करणं' आणि वजावट: शुश्रूषा-विम्याच्या करसवलतीचा इतिहास

आजचा विषय दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता आणि त्या हप्त्यावर मिळणारी प्राप्तिकरातली वजावट हा आहे. हे काम चार्टर्ड अकाउंटंटचं, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचं इथे काय काम, असं काहींच्या मनात येईल. आमचं उत्तर असं की वजावटीत आकडेमोड असते हे खरं, पण त्या आकडेमोडीच्या आधी एक व्याख्या असते. अमुक खर्चावर कर घेणार नाही असं सरकार म्हणतं, तेव्हा तो खर्च कोणत्या प्रकारचा आणि तो मुळात कोणी करायचा, हेही ते ठरवत असतं. आपण आज त्या व्याख्येचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. आपण म्हणतो, 'सासूबाई दोन वर्षं जागेवर होत्या, सुनेनं सगळं केलं.' काय केलं, हे कोणी विचारत नाही. न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, रात्री दोनदा उठून कूस बदलणं, हे सगळं त्या 'केलं'मध्ये आलं. मराठीत औषधपाणी वेगळं आणि 'करणं' वेगळं. औषधपाणी डॉक्टर सांगतो, आणि त्याची पावती मिळते. 'करणं' घरातलं माणूस करतं, त्याची पावती नसते. आता प्रश्न असा, की राज्यसंस्था या 'करण्या'ला काय समजते? हा प्रश्न अमेरिकेत थेट करकायद्यातच लिहिला गेला, म्हणून आपण तिथली गोष्ट घेऊ.

पहिलं साल १९४२. युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने प्राप्तिकराची कक्षा खूप वाढवली. आतापर्यंत ज्यांना हा कर माहीत नव्हता, असे सामान्य पगारदार त्यात आले. त्याच कायद्यात वैद्यकीय खर्चाची वजावट पहिल्यांदा आली. निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर जो वैद्यकीय खर्च जाईल, तेवढा वजा करता येईल, आणि त्यालाही कमाल मर्यादा. यामागचा विचार समजून घ्या. कर द्यायचा तो ऐपतीप्रमाणे. सारख्याच पगाराच्या दोन माणसांपैकी एकाच्या घरात मोठं आजारपण आलं, तर दोघांची ऐपत सारखी राहत नाही. म्हणजे ही वजावट मूळची बक्षीस नव्हती, ती ऐपत मोजण्याची रीत होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुसट होत जातो.

दुसरं साल १९६३, आणि ठिकाण करकचेरीपासून फार लांबचं. क्लीव्हलंड शहरातल्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलमध्ये डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी वृद्ध रुग्णांचा अभ्यास करत होते. त्यांत खुब्याचं हाड मोडलेले पुष्कळ होते. रुग्ण किती सुधारला हे सांगायला रोगाचं नाव पुरत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी सहा साध्या गोष्टी निवडल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातल्या किती गोष्टी माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय करतो, ते मोजायचं. मूल ज्या क्रमाने या गोष्टी शिकतं, साधारण त्याच्या उलट क्रमाने म्हातारपणी त्या सुटत जातात, असंही त्यांनी नोंदवलं. ही यादी रुग्णाच्या सोयीसाठी होती. पैसे कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवायला ती केलेली नव्हती. पण कागदावर आलेली यादी कुठे कुठे जाऊन बसेल, हे ती करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

तिसरं साल १९६५. ३० जुलैला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर ६५ वर्षांच्या पुढच्यांसाठी आणि मेडिकेड गरिबांसाठी. म्हाताऱ्यांना हॉस्पिटलचं बिल परवडत नव्हतं, तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पण मेडिकेअरने एक रेघ ओढली. उपचार आणि कुशल नर्सिंग या रेघेच्या आत. नर्सिंग होममधले दिवससुद्धा हॉस्पिटलात राहून आल्यानंतरचे, आणि एका खेपेला जास्तीत जास्त शंभर. नुसती अंघोळ, कपडे, भरवणं ही रेघेच्या बाहेर. त्याला तिकडच्या कायद्याने 'कस्टोडियल' म्हणजे नुसती राखण असं नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर औषधपाणी आत घेतलं आणि 'करणं' बाहेर ठेवलं.

मग ज्यांचं 'करणं' वर्षानुवर्षं चालतं, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी उरलं मेडिकेड. ते नर्सिंग होमचे पैसे देतं, पण आधी माणूस गरीब असावा लागतो. गरीब नसेल तर त्याने साठवलेलं खर्चून गरीब व्हायचं. बहुतेक राज्यांत एकट्या माणसाच्या नावे दोनेक हजार डॉलर शिल्लक चालत आले. आयुष्यभर काटकसर केलेल्या निवृत्त शिक्षकाला किंवा कारखान्यातल्या फोरमनला आपली पुंजी मुद्दाम संपताना पाहावी लागते, ती या दोन योजनांमधल्या फटीमुळे.

ही फट बुजवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८८ साली मेडिकेअरमध्ये मोठ्या आजारपणाच्या खर्चाची भर घालणारा कायदा झाला. त्याचा पैसा बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्या वृद्धांकडून, त्यांच्या प्राप्तिकरावर अधिभार लावून, उभा करायचा होता. वृद्धांना सगळ्यात जास्त भीती होती ती दीर्घकालीन शुश्रूषेच्या खर्चाची, आणि नेमकी तीच या कायद्यात नव्हती. लोक भडकले. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत काँग्रेस-सदस्य डॅन रोस्टेन्कोव्स्की यांच्या मोटारीला ज्येष्ठ नागरिकांनी घेराव घातला, ते चित्र देशभर दूरदर्शनवर दिसलं. वर्ष संपायच्या आत कायदा रद्द झाला. पुढे १९९० मध्ये पेपर आयोगाने शुश्रूषेसाठी सार्वजनिक विमा सुचवला. १९९३ साली क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेत घरी मिळणाऱ्या शुश्रूषेचा कार्यक्रम होता. आयोगाची शिफारस कागदावर राहिली, क्लिंटन योजना १९९४ मध्ये बारगळली.

राजकारण्यांनी यातून धडा घेतला तो असा, की म्हाताऱ्यांवर नवा कर लावणं अंगाशी येतं आणि नवी योजना मंजूर होत नाही. मग सोपं काय उरतं? करसवलत. तिला अर्थसंकल्पात खर्च म्हणून दाखवावं लागत नाही, तिच्यासाठी नवं खातं उघडावं लागत नाही, आणि दोन्ही पक्ष हात वर करतात. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने जो 'अमेरिकेशी करार' म्हणून जाहीरनामा काढला, त्यात खासगी शुश्रूषा-विम्याला करसवलत हे कलम होतं.

आणि २१ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी 'हिपा' कायद्यावर सही केली. आज हा कायदा रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी ओळखला जातो, पण शुश्रूषा-विम्याची वजावट त्यातूनच आली. तोवर प्रश्न असा होता की 'राखणी'साठी काढलेल्या विम्याचा हप्ता हा वैद्यकीय खर्च म्हणायचा का? नव्या कायद्याने सांगितलं की ठरावीक अटी पाळणारी शुश्रूषा-पॉलिसी ही आरोग्य-विमा आहे असं मानलं जाईल, आणि दीर्घकालीन शुश्रूषा ही वैद्यकीय खर्चाच्या व्याख्येत धरली जाईल.

'मानलं जाईल' या दोन शब्दांवर जरा थांबू. १९६५ साली सरकार पैसे देणार होतं, तेव्हा अंघोळ घालणं म्हणजे उपचार नव्हे असं ठरलं. १९९६ साली लोक स्वतः पैसे भरणार होते, तेव्हा तीच अंघोळ उपचार मानली गेली. अंघोळीत काही फरक पडलेला नव्हता. बदललं ते एवढंच, की बिल कोणाच्या नावाने फाटणार.

आता या वजावटीच्या अटी पाहा. पॉलिसीचे पैसे कोणाला मिळतील? कॅट्झ यांच्या यादीतल्या सहापैकी किमान दोन गोष्टी ज्याला भरीव मदतीशिवाय करता येत नाहीत आणि ही स्थिती किमान ९० दिवस टिकेल असं परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिक लिहून देतो, त्याला. किंवा ज्याची बुद्धी-स्मृती इतकी ढासळली आहे की त्याला सतत नजरेखाली ठेवावं लागतं, त्याला. हॉस्पिटलातली यादी तेहेतीस वर्षांनी करकायद्यात येऊन बसली ती अशी. एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण स्वतः जेवतो, चालतो, तरी त्याला एकटं सोडता येत नाही, हे अमेरिकी कायद्याने पहिल्या दिवसापासून ओळखलं. बऱ्याच देशांना त्याला वेळ लागला.

हप्त्याची वजावट वयाप्रमाणे मर्यादित आहे. १९९७ साली चाळिशीपर्यंत २०० डॉलर, सत्तरीच्या पुढे २,५०० डॉलर अशी सुरुवात झाली. महागाईप्रमाणे ती वाढत गेली. २०२४ साठी ६१ ते ७० वयाला माणशी ४,७१० आणि सत्तरीपुढे ५,८८० डॉलर. ऐकायला बरं वाटतं. पण हा हप्ता बाकीच्या वैद्यकीय खर्चात मिळवायचा, आणि ती बेरीज उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर जाईल तेवढाच भाग वजा होतो. १९४२ चा तो ५ टक्क्यांचा उंबरा मध्यंतरी ३ वर आला, पुन्हा ५ झाला, मग साडेसात, काही वर्षं १०, आणि आता साडेसातवर स्थिरावला आहे.

फळ्यावर एक उदाहरण मांडू. नवरा-बायको दोघंही ६६ वर्षांची, उत्पन्न ९०,००० डॉलर. शुश्रूषा-विम्याचे हप्ते प्रत्येकी ३,५०० म्हणजे ७,०००. इतर वैद्यकीय खर्च ५,०००. एकूण १२,०००. उत्पन्नाचे साडेसात टक्के म्हणजे ६,७५०. वर उरले ५,२५०. एवढे वजा होतील? नाही, अजून एक दार आहे. ही वजावट हवी तर बाबवार खर्च दाखवावा लागतो आणि सरसकट मिळणारी स्टँडर्ड वजावट सोडावी लागते. या जोडप्याची ती वजावट २०२४ साली ३२,३०० डॉलर होती. घराचं कर्ज फिटलेलं. राज्याचे आणि स्थानिक कर २०२४ साली जास्तीत जास्त १०,००० धरता येत होते, देणग्या ३,००० समजा. त्यात ५,२५० मिळवले तर होतात १८,२५०. म्हणजे बाबवार हिशेब तोट्याचा. सात हजारांच्या हप्त्यावर मिळालेली सवलत शून्य. २०१७ च्या करसुधारणेनंतर स्टँडर्ड वजावट जवळजवळ दुप्पट झाली, आणि बाबवार हिशेब करणारे दहात एकाच्या आसपास उरले.

आता दुसरं जोडपं घ्या. वय तेच, हप्ते तेच, पण स्वतःचा व्यवसाय आहे आणि त्यात पुरेसा नफा आहे. त्यांना साडेसात टक्क्यांचा उंबरा नाही, बाबवार यादीही नाही. सात हजार सरळ वजा. तेही १२ टक्क्यांच्या पायरीवर असतील तर ८४० डॉलर वाचतात, आणि ३२ टक्क्यांच्या पायरीवर असतील तर २,२४०. ज्याच्या उत्पन्नावर कर बसतच नाही त्या विधवेला काही मिळत नाही, आणि उद्या मेडिकेडच्या दारात तीच उभी राहणार असते. आम्ही मघाशी म्हणालो की ऐपत मोजण्याची रीत पुढे पुसट होते, ते हेच. गरज जितकी मोठी तितकी मदत लहान, असा हा उलटा उतार आहे. कोणी दुष्टपणे तो बांधला असं नाही. वजावट या साधनाचा स्वभावच तसा आहे.

बरं, सवलतीमुळे निदान बाजार तरी फुलला का? सुरुवातीला थोडा. पण कंपन्यांचे अंदाज चुकले. पुष्कळ लोक मध्येच पॉलिसी सोडतील असं त्यांनी धरलं होतं. लोकांनी चिकाटीने हप्ते भरले. व्याजदर उतरले, आयुष्यं लांबली. मग जुन्या ग्राहकांचे हप्ते वाढवण्याची वेळ आली, अनेक कंपन्यांनी हा धंदा सोडला, आणि २०१७ साली पेन ट्रीटी ही कंपनी दिवाळखोरीत काढली गेली. पंचाहत्तरीत हप्ता दुप्पट झाला तर माणूस काय करणार? वीस वर्षं भरलेलं सोडणार, की खिशात नाही ते भरणार?

आता त्याच काळातला दुसरा रस्ता पाहू. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा-विमा सक्तीचा झाला. पगारातून सुरुवातीला एक टक्का, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. मालकांचा बोजा भरून काढायला एक सुट्टी रद्द करायची ठरली: नोव्हेंबरातला प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस. सॅक्सनी राज्याने सुट्टी ठेवली, म्हणून तिथले कामगार आजही जास्त वाटा भरतात. आमच्या मते ही फार प्रामाणिक देवघेव आहे. किंमत सगळ्यांना दिसते. आणि तिथे घरातलंच माणूस 'करत' असेल तर रोख भत्ता मिळतो, ठरावीक तास करणाऱ्याच्या नावे पेन्शनचा वाटाही भरला जातो. जपानने २००० साली चाळिशीपुढच्या प्रत्येकाला हप्ता लावून स्वतःची योजना सुरू केली.

अमेरिकी कायद्यात या घरच्या माणसाविषयी एक पोटकलम आहे. शुश्रूषेसाठी जोडीदाराला किंवा नातेवाइकाला पैसे दिले, तर ते वैद्यकीय खर्चात धरले जाणार नाहीत, तो नातेवाईक त्या सेवेचा परवानाधारक व्यावसायिक असल्याशिवाय. नातेवाइकांच्या यादीत मुलगा, मुलगी, बहीण, भाऊ आहेत, आणि सूनही आहे. घरातल्या घरात पैसे फिरवून कर चुकवू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम काय? एजन्सीच्या बाईने घातलेली अंघोळ खर्च ठरते, सुनेने नोकरी सोडून घातलेली ठरत नाही.

पुढे २०१० च्या आरोग्यकायद्यात 'क्लास' नावाची ऐच्छिक सार्वजनिक योजना आली. ऐच्छिक म्हटल्यावर ज्यांना गरज दिसते तेच येणार आणि हिशेब बसणार नाही, हे स्पष्ट झालं. २०११ मध्ये सरकारने ती थांबवली, २०१३ च्या सुरुवातीला ती रद्द झाली. वॉशिंग्टन राज्याने मात्र २०१९ मध्ये सक्तीचा कायदा केला आणि जुलै २०२३ पासून पगारावर ०.५८ टक्के घ्यायला लागलं. ती ऐच्छिक करावी असा प्रस्ताव २०२४ च्या मतदानात लोकांनी फेटाळला. म्हणजे १९८९ मध्ये मोटार अडवणाऱ्या देशातलं एक राज्य पस्तीस वर्षांनी कर द्यायला हो म्हणालं. फरक एवढाच, की या वेळी त्या पैशातून 'करणं' मिळणार होतं.

आपल्यापैकी बरेच जण विचारतील, यात आपलं काय? पाहा, १९६५ सालीच, ३ ऑक्टोबरला, त्याच जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्या दारातून मराठी डॉक्टर, इंजिनिअर अमेरिकेत गेले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि कॅट्झ यांची सहा कामांची यादी त्यांच्याही घरात आली आहे. त्यांच्या मागून गेलेल्या पिढीचे आईवडील पुण्यात, कोल्हापुरात आहेत. मुलगा न्यू जर्सीहून बाईच्या पगाराचे पैसे पाठवतो. तिकडच्या करात ते वजा होत नाहीत, कारण अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी असावी लागते.

आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं ८०डी कलम, जुनी करपद्धत निवडली तर, ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्य-विम्यासाठी, आणि विमा नसेल तर वैद्यकीय खर्चासाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट देत आलं आहे. पण शब्द 'वैद्यकीय' हाच. बारा तासांच्या पाळीवर ब्यूरोतून येणाऱ्या मावशींचा पगार त्यात सरळ बसत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर चरितार्थाची जबाबदारी टाकली. त्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या व्याख्येत नाही. तिकडच्या कायद्यात सुनेला दिलेले पैसे धरत नाहीत, इकडच्या व्याख्येत सूनच नाही, आणि 'करणं' दोन्हीकडे बहुधा तिच्याच वाट्याला.

शेवटी काय म्हणायचं आहे? हप्ता भरत असाल तर वजावट जरूर घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. पॉलिसी घेताना मात्र करबचतीचा आकडा नंतर पाहा. आधी वाचा की कोणती कामं, किती काळ, कोणी लिहून दिल्यावर आणि कोणी केलेली धरली जातील. आणि नागरिक म्हणून एवढं लक्षात ठेवा, की वजावट मिळाली म्हणजे जबाबदारी वाटली गेली असं होत नाही. सवलत देऊन सरकार सांगत असतं, की हे काम तुमचंच, आम्ही थोडा कर सोडतो. जर्मनीने सुट्टी सोडली, जपानने चाळिशीपासून हप्ता लावला. तिथे निदान कोणी काय सोडायचं यावर उघड बोलणं झालं. येत्या काळात आपल्याकडे अशा सवलतीची मागणी होईल, तेव्हा ती जरूर करू. पण 'करणारी'चा वाटा काय, हा प्रश्न तिच्या आधी विचारू.

आता प्रश्न घेऊ.